कपाटात असलेले पुस्तक संगणकात का सापडत नाही?

अमरावती जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात गेल्या पावसाळ्यात एम.ए. करणारी एक विद्यार्थिनी एसटीने आली. तिला वऱ्हाडी बोलीवर लेखन करायचे होते. संगणकावर तिने ‘वऱ्हाड’ हा शब्द टाकला, तेव्हा दोनच पुस्तके दिसली. “काका, एवढीच आहेत का?” असे तिने विचारले, आणि तिच्या पाठीमागच्या कपाटात लोकगीते, म्हणी आणि बोलीभाषा यांच्या पुस्तकांनी भरलेला अख्खा खण होता. त्या दिवशी मी तो खण तिला हाताने उघडून दाखवला. परंतु मी तेथे नसतो, तर ती दोन पुस्तके घेऊन परतीच्या गाडीने निघून गेली असती आणि आमच्याकडे या विषयावर काही नाही, असे तिने मैत्रिणींना सांगितले असते.

गावोगावची ग्रंथालये आता दाखल नोंदवही सोडून संगणकाकडे वळत आहेत. नोंदी एकदा संगणकात गेल्या की काम संपले, असे कार्यकारिणीला वाटते, आणि संगणक खोटे बोलत नाही, असे वाचकाला वाटते. यांपैकी एकही समजूत बरोबर नाही. संगणकातील नोंदींमध्ये चुका कशा शिरतात, त्या शोधण्यासाठी कोणते साधन आहे आणि त्या साधनाची धाव कुठपर्यंत आहे, हे समजावून सांगण्यासाठी हा लेख आहे.

नोंद म्हणजे पुस्तकाचा सातबारा

शेत जागेवर असते, पण तलाठ्याच्या दप्तरात सातबारा चुकीचा असेल तर कर्जही मिळत नाही आणि खरेदीही होत नाही. गट क्रमांकातला एक अंक किंवा नावातली एक वेलांटी चुकली की शेतकऱ्याला तहसीलच्या खेपा घालाव्या लागतात, हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. ग्रंथालयातील पुस्तकाची नोंद हा त्या पुस्तकाचा सातबाराच असतो. शीर्षक, लेखक, आवृत्ती, प्रकाशक, वर्ष, पृष्ठे, विषय, वर्गांक (विषयानुसार दिलेला क्रमांक) आणि दाखल क्रमांक (पुस्तक ग्रंथालयात दाखल होताना मिळणारा क्रमांक) असे तिचे रकाने ठरलेले असतात, आणि या सगळ्या नोंदी मिळून जी सूची होते तिला तालिका म्हणतात. वाचक पुस्तक शोधत नसतो, तो तालिका शोधत असतो. जे तालिकेत नाही किंवा चुकीचे आहे, ते त्याच्यापुरते ग्रंथालयातच नाही.

या रकान्यांचा जगभर चालणारा एक साचा आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲव्रम या संगणकतज्ज्ञ महिलेच्या नेतृत्वाखाली तो तयार झाला. त्याला ‘मार्क’ म्हणतात, म्हणजे यंत्राला वाचता येईल अशी तालिका. या साच्यात रकान्यांना नावांऐवजी तीन अंकी क्रमांक आहेत: लेखक १०० मध्ये, शीर्षक २४५ मध्ये, विषय ६५० मध्ये आणि आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, ०२० मध्ये. भाषा कोणतीही असली तरी क्रमांक तेच राहतात, त्यामुळे एका ग्रंथालयाची नोंद दुसऱ्याला जशीच्या तशी घेता येते. कोहा हे अनेक ग्रंथालयांत वापरले जाणारे मोफत सॉफ्टवेअर याच साच्यावर चालते.

या देवाणघेवाणीत सोय आहे तसा धोकाही आहे. एका बांधावरचे गाजरगवत वेळीच उपटले नाही तर पुढच्या हंगामात शेजारच्या चार शेतांत दिसते. चुकीची नोंदही अशीच एका ग्रंथालयातून दुसऱ्यात उतरत जाते.

या नोंदी साध्या नोटपॅडमध्ये का दुरुस्त करू नयेत?

हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर मार्क नोंदीच्या रचनेत आहे. प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला २४ चिन्हांची एक पट्टी असते आणि तिच्या पहिल्या पाच अंकांत संपूर्ण नोंदीची लांबी लिहिलेली असते. त्यापुढे अनुक्रमणिकेसारखी एक यादी येते. कोणता रकाना कुठे सुरू होतो आणि किती लांब आहे, हे ती सांगते. ही लांबी बाइट या मापाने मोजतात, आणि युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, मात्रा असो की हलंत, तीन बाइट घेते.

आता समजा, कोणी ‘आवृती’ असे लिहिले आहे आणि तुम्ही नोटपॅडमध्ये ती फाइल उघडून ‘आवृत्ती’ असे नीट केले. एक हलंत आणि एक ‘त’ वाढला, म्हणजे सहा बाइट वाढले. पण सुरुवातीच्या पट्टीत जुनीच लांबी राहिली. आज्ञावली त्या जुन्या लांबीवर विसंबून पुढची नोंद सहा बाइट अलीकडे शोधू लागते. एक चांगली दुरुस्ती करायला जावे आणि त्या जागेपासून पुढची फाइलच विसकटावी, असे यातून घडते.

एक्सेलचा त्रास वेगळा आहे. तेरा अंकी आयएसबीएन साध्या रकान्यात टाकला की एक्सेल त्याला एक मोठी संख्या समजते आणि संक्षिप्त रूपात दाखवते. तशीच फाइल मजकूर स्वरूपात साठवली की मागचे अंक कायमचे जातात. दाखल क्रमांकाच्या सुरुवातीची शून्येही ते गाळून टाकते. म्हणून एक्सेलमध्ये नोंदी भरायच्याच असतील तर ते रकाने आधी ‘मजकूर’ म्हणून ठरवून घ्यावेत. या एका सवयीने पुढचे कितीतरी काम वाचते.

मार्क नोंदींसाठी वेगळे संपादन सॉफ्टवेअर लागते ते यासाठी. त्यांतले सर्वांत प्रसिद्ध म्हणजे टेरी रीस या अमेरिकन ग्रंथपालाने तयार केलेले मार्कएडिट. ते मोफत मिळते आणि साध्या संगणकावर चालते. ते बांधलेली नोंद सोडवून प्रत्येक रकाना एकेका ओळीवर मांडते, तुम्हाला दुरुस्ती करू देते आणि पुन्हा बांधताना सगळ्या लांब्या नव्याने मोजते. एक्सेलमधील यादीपासून मार्क नोंदी तयार करण्याची सोयही त्यात आहे, आणि गावच्या ग्रंथालयाला बहुधा तिचीच पहिली गरज पडते.

चाळणी काय पकडते?

तूर घरात आली की आधी चाळणी आणि मग सूप व हात, असा क्रम असतो. सॉफ्टवेअरची तपासणी ही चाळणी आहे. काय असावे आणि काय नसावे, याचे नियम तिच्यात लिहिलेले असतात, आणि नोंदी त्यांतून गाळल्या जातात. शीर्षकाचा रकाना नसलेली नोंद, मुख्य लेखकाचा रकाना दोनदा आलेली नोंद (दुसरा लेखक ७०० मध्ये जावा लागतो), रकान्याच्या आतले पण साच्यात नसलेले उपविभाग, हे सगळे ती काही क्षणांत दाखवते. एक साधा अहवाल मला विशेष उपयोगी वाटतो. कोणता रकाना किती नोंदींत आहे, एवढेच तो सांगतो. नोंदी तीन हजार आणि शीर्षके दोन हजार नऊशे सत्त्याण्णव असतील, तर तीन पुस्तके बेनामी पडली आहेत, हे पानही न उलटता कळते.

आयएसबीएनची तपासणी तर सुंदर आहे, आणि ती कागदावरही करता येते. तेरा अंकांपैकी शेवटचा अंक आधीच्या बारा अंकांवरून काढलेला असतो. ९७८९३१२३४५६७ असे बारा अंक उदाहरणादाखल घेऊ. पहिला, तिसरा, पाचवा अशा विषम स्थानांच्या अंकांची बेरीज ३२ येते. सम स्थानांच्या अंकांची बेरीजही ३२ येते, तिला तीनने गुणले की ९६. दोन्ही मिळून १२८. पुढची दहाची पूर्ण संख्या १३० आहे, म्हणून तेरावा अंक २. टंकलेखकाने ४५ च्या जागी ५४ टाकले तर बेरीज दोनने घटते, हिशेब जुळत नाही आणि चूक पकडली जाते. आधार क्रमांकाचा शेवटचा अंकही अशाच तपासणीसाठी असतो, फक्त त्याचे गणित वेगळे आहे. मात्र ही चाळणीही परिपूर्ण नाही. शेजारच्या दोन अंकांत पाचाचा फरक असेल, म्हणजे २७ चे ७२ झाले असेल, तर बेरजेत बरोबर दहाचा फरक पडतो आणि चूक निसटते.

शिवाय आयएसबीएन आंतरराष्ट्रीय मानक झाला तो १९७० मध्ये. आमच्या जुन्या कपाटातील पुस्तकांवर तो नाहीच, आणि तीच पुस्तके सर्वांत मोलाची आहेत.

एकच ‘वऱ्हाड’, तीन लेखने

आता त्या विद्यार्थिनीच्या शब्दाकडे येतो, कारण मराठी ग्रंथालयांचा खरा छळ येथे आहे आणि परदेशी मार्गदर्शिकांत त्याचा उल्लेख सापडत नाही.

‘वऱ्हाड’ या शब्दातला तो आडवा, पापणीसारखा र संगणकात दोन मार्गांनी आणता येतो. एका मार्गात त्यासाठी नेमलेले खास अक्षर वापरतात. दुसऱ्या मार्गात साधा र, हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह असे तीन तुकडे एकापुढे एक ठेवतात. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात. भिंगातून पाहिले तरी फरक कळणार नाही. संगणक मात्र अक्षर पाहत नाही, त्यामागचे क्रमांक पाहतो, आणि त्याच्या दृष्टीने ते दोन वेगळे शब्द असतात. तिसरा प्रकार सरळ चुकीचा आहे, पण सर्वाधिक आढळतो: ‘वर्हाड’, म्हणजे ह च्या डोक्यावर रफार. ज्याला पापणीचा र कळफलकावर कुठे आहे हे ठाऊक नाही, तो टंकलेखक असेच लिहितो. आमच्या तालिकेत तीनही रूपे होती, आणि विद्यार्थिनीच्या मोबाइलवरच्या सवयीने तिने टाकलेले रूप फक्त दोन नोंदींशी जुळले.

चांगले शोध सॉफ्टवेअर अदृश्य चिन्हे आपोआप दुर्लक्षित करते, असे यावर सांगितले जाते. ते काही प्रमाणात खरे आहे. पण दुसऱ्या रूपातले अदृश्य जोडचिन्ह काढून टाकले की जे उरते ते तिसरे, चुकीचे रूप असते, पहिले नव्हे. त्यामुळे दुर्लक्ष करून प्रश्न मिटत नाही. सगळ्या नोंदी एकाच रूपात आणणे हाच उपाय आहे, आणि वऱ्हाड, शेतकऱ्यांचा, दुसऱ्या, तऱ्हा असे शब्द ज्या भाषेत रोज लागतात, त्या भाषेच्या ग्रंथालयाने तो टाळू नये.

हीच गोष्ट इतर ठिकाणीही आहे. आपल्या विदर्भातील रिद्धपूरशी जोडलेला मराठीतला आद्य गद्यग्रंथ कोणी ‘लीळाचरित्र’ लिहितो, कोणी ‘लीलाचरित्र’. त्याच्या कर्त्याचे नाव म्हाइंभट, म्हाईंभट, म्हाइंभट्ट असे फिरते. ग्रंथ आणि ग्रन्थ, कवि आणि कवी यांचे तेच. तालुक्याच्या ठिकाणी टंकलेखन करून घेतलेल्या याद्या अनेकदा कृतीदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये असतात. त्यांत मराठी दिसते, पण आत इंग्रजी अक्षरे साठवलेली असतात. त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करताना पहिली वेलांटी आणि रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसतात. रूपांतरानंतर या दोन खुणा असलेले शब्द तरी डोळ्यांखालून घालावेतच.

तुरीएवढा खडा

तुरीच्या दाण्याएवढाच खडा असेल तर चाळणी त्याला अडवत नाही. तो हातानेच वेचावा लागतो. नोंदींतही अशा चुका असतात ज्या नियमात तंतोतंत बसतात आणि तरीही चुकीच्या असतात.

यात सर्वांत फसवी चूक शकाची. जुन्या मराठी पुस्तकांवर अनेकदा ‘शके १८९७’ असे छापलेले असते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे ते पुस्तक १९७५ चे. (वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ७९ मिळवावे लागतात.) नोंदणी करणाऱ्या मुलाला हे कोणी सांगितलेले नसते, आणि तो वर्षाच्या रकान्यात १८९७ लिहितो. चाळणीला यात काही खटकत नाही, कारण १८९७ हे चार अंकी, अगदी शक्य असलेले वर्ष आहे. अशा रीतीने १९७५ चे पुस्तक एकोणिसाव्या शतकात जाऊन बसते. कोणी दुर्मिळ म्हणून त्याला कुलूपबंद कपाटात ठेवतो, तर कोणी जीर्ण समजून बाद यादीत घालतो.

शीर्षकाच्या रकान्यात आणखी एक छोटा अंक असतो. अकारविल्हे लावताना सुरुवातीची किती चिन्हे सोडायची, हे तो सांगतो. इंग्रजीत ‘द’ हे उपपद आणि त्यापुढची मोकळी जागा मिळून चार चिन्हे सोडतात. मराठीत असे उपपद नाही, म्हणून तेथे शून्य हवे. एखाद्या इंग्रजी पुस्तकाची नोंद समोर ठेवून तिच्यावर मराठी शीर्षक लिहिले आणि तो ४ तसाच राहिला, तर ‘शेतकरी’ या शब्दातील श, मात्रा, त आणि क गळून ‘री’ उरतो आणि पुस्तक र मध्ये जाते. साच्याच्या दृष्टीने ४ हा अंक पूर्ण वैध आहे.

लेखकांची नावे हा तिसरा खडा. ‘राष्ट्रसंत तुकडोजी महाराज’ आणि ‘तुकडोजी महाराज, राष्ट्रसंत’ ही एकच व्यक्ती आहे, हे शब्दांचा क्रम लावून पाहणारे साधन ओळखू शकते. पण पंजाबराव देशमुख आणि भाऊसाहेब देशमुख हे एकच, हे त्याला कळणार नाही. ते आपल्याला कळते, कारण आपण येथे राहतो. आणि आपल्यालाही थांबावे लागते, कारण भाऊसाहेब देशमुख नावाचा प्रत्येक लेखक पंजाबराव नसतो. अशा वेळी पुस्तक हातात घेऊन शीर्षक पृष्ठ पाहावे लागते. मुखपृष्ठ नव्हे, आतले शीर्षक पृष्ठ, कारण दोन्हींवरची नावे अनेकदा वेगळी असतात आणि नोंद शीर्षक पृष्ठावरून करायची असते.

“एका बटणात सगळे बदलता येते ना?”

येते, आणि म्हणूनच तेथे सर्वांत जास्त सावध राहायला हवे. ‘कवि’ च्या जागी सर्वत्र ‘कवी’ करा, अशी आज्ञा दिली की ‘कविता’ ची ‘कवीता’ होते. रफाराची चूक सुधारण्यासाठी ‘र्य’ चे सर्वत्र ‘ऱ्य’ केले, तर ‘शेतकर्यांचा’ चा ‘शेतकऱ्यांचा’ होतो हे खरे, पण त्याच वेळी सूर्य, कार्य आणि आचार्य यांची वाट लागते. ‘र्ह’ बदलायला गेलात तर ‘वर्हाड’ सुधारतो आणि ‘अर्हता’ बिघडते. हाताने केलेली चूक एका नोंदीत राहते; बटणाने केलेली चूक हजार नोंदींत एकाच क्षणी शिरते.

म्हणून मी एक क्रम पाळतो आणि कितीही घाई असली तरी तो मोडत नाही. मूळ फाइलची प्रत पेनड्राइव्हवर काढून वेगळी ठेवायची. बदलण्याआधी फक्त शोधायचे आणि किती ठिकाणी जुळते ते पाहायचे. जुळलेल्या सगळ्या ओळी, निदान वेगवेगळे शब्द तरी, वाचायचे. शक्य असेल तेथे तुकडा न बदलता पूर्ण शब्द बदलायचा. केलेला प्रत्येक बदल तारखेसह वहीत लिहायचा. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. काम अर्ध्यावर थांबले, तर कुठपर्यंत आलो होतो हे ती वहीच सांगते.

“एवढ्याशा वाचनालयाला हे कशाला?”

ग्रंथपालाला सगळी पुस्तके तोंडपाठ असतात, त्याला विचारले की झाले, असे अनेक जण म्हणतात. आमचे आधीचे ग्रंथपाल खरोखरच तसे होते. कपाट न पाहता ते पुस्तकाची जागा सांगत. ते निवृत्त झाले आणि ती सगळी तालिका त्यांच्याबरोबर घरी गेली. शिवाय आता सकाळपासून अभ्यासिकेत बसणारी, तलाठी भरतीची आणि इतर स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले विचारायला संकोचतात. ती संगणकावर पाहतात, आणि तेथे नसेल तर गप्प बसतात. संत्र्याच्या डिंक्या रोगावर माहिती शोधणारा शेतकरी तर दुसऱ्यांदा येतच नाही. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवा असे सांगते. शहरातल्या वाचकाचा वेळ दहा मिनिटांचा असेल. आमच्या वाचकाचा वेळ म्हणजे दोन वेळचे एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी.

पैशाची अडचण मी नाकारत नाही, पण येथे ती आडवी येत नाही, कारण सॉफ्टवेअर मोफत आहे. लागते ते माणसाचे लक्ष. नोंदी भरण्याचे काम पानामागे ठरावीक दराने बाहेर देतात आणि तपासणीसाठी कोणी काहीच ठेवत नाही, ही माझी खरी तक्रार आहे. भरण्याच्या कामाइतकेच तपासणीचे काम ठरावात लिहिले गेले पाहिजे.

सुरुवात कुठून करावी?

सगळ्या नोंदी एकदम हाती घेऊ नयेत. आधी चाळणी लावून रिकामे रकाने आणि चुकीचे आयएसबीएन दुरुस्त करावेत, कारण तेथे वाद नसतो. मग देवघेवीच्या नोंदी पाहून ज्या विषयांना मागणी आहे ते कपाट घ्यावे. तेथे कपाटातून कोणतीही वीस पुस्तके उचलून त्यांच्या नोंदी संगणकात सापडतात का ते पाहावे, आणि उलट, संगणकातील कोणत्याही वीस नोंदी घेऊन ती पुस्तके कपाटात आहेत का ते पाहावे. पहिल्या फेरीत हरवलेल्या नोंदी कळतात, दुसऱ्या फेरीत हरवलेली पुस्तके. दोन माणसे असतील तर एकाने शीर्षक पृष्ठ मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने पडद्यावर बोट ठेवावे; एकट्याचा डोळा स्वतःला अपेक्षित असलेलेच वाचतो.

आमच्याकडे वऱ्हाडी बोलीचा तो खण पूर्ण झाला आहे. ‘वऱ्हाड’ आता तीनही प्रकारे टाकला तरी तीच यादी येते, कारण नोंदी एका रूपात आणल्या आणि उरलेली दोन रूपे शोधासाठी पर्यायी शब्द म्हणून जोडली. १९०० पूर्वीचे वर्ष दाखवणाऱ्या नोंदींची यादी सॉफ्टवेअरने काढून दिली आहे. त्यांतली खरोखर जुनी पुस्तके कोणती आणि शकाची कोणती, हे ठरवण्यासाठी दर रविवारी सकाळी आम्ही दोघे जण कपाट उघडून एकेक पुस्तक खाली काढतो.